टिंब

आमच्या एस्टोनियन भाषेत अक्षरांच्या डोक्यावर टिंबं असतात,
दोन-दोन, शेजारी शेजारी.
डॉक्टर हेल्दुर ती सगळ्यात शेवटी देत,
आख्खा कागद लिहून झाल्यावर, एकदम,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.
कुठलं टिंब कुठल्या अक्षराचं
हे शोधणं माझं काम.

सव्वीस वर्षं, पेइप्सी तलावाच्या काठी,
या एवढ्याशा दुकानात मी त्यांचं अक्षर लावलं.
लोक म्हणत, माइमू, तुला यात दिसतं तरी काय?
मला सगळं दिसायचं.
सोमवारचं अक्षर ताठ, शुक्रवारचं कलंडलेलं.
बायको गेली त्या आठवड्यात
प्रत्येक ओळ कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे घसरत गेली होती.
आणि एखाद्या नावापाशी पेन जास्त वेळ टेकलं
की शाई फुटायची.
तेव्हा मी गोळ्या बांधताना
त्या माणसाच्या घरच्यांची उगीच जास्त विचारपूस करायची.

एकदा एक टिंब हरवलं.
रक्त पातळ करायची गोळी,
दोन आणि पाच यांच्या मधलं.
मी विचारायला हवं होतं. फोन हाताशीच होता.
बाहेर बर्फ, दुकानात अकरा माणसं,
आणि मला त्यांचं अक्षर येतं याचा माज.
साल्मे वाचली.
तिची डावी बाजू वाचली नाही.
टिंब त्यांनी दिलं नव्हतं की मी पाहिलं नव्हतं,
यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही.
तो कागद अजून आहे माझ्याकडे.
भिंगाखाली धरला की तिथं काहीतरी असल्यासारखं वाटतं.
कागदाचाच तंतू असेल.

मग कॉम्प्युटर आला.
तरुण डॉक्टर कुरकुरले:
पेशंटकडे बघायचं की पडद्याकडे,
एका खोकल्याला किती वेळा टिचकी मारायची,
लाल चौकट सारखी मधे येते.
जिल्ह्यात सगळ्यांत आधी तयार झाले ते हेल्दुर,
वय अडुसष्ट, दोन बोटांनी टाइप करणारे.
पेपरवाले फोटो काढून गेले.
गाव म्हणालं, साल्मेमुळे.
तेही खरं असेल.

पण मी दोन वर्षं बघत होते,
ओळ सुरू व्हायची नेहमीसारखी
आणि पुढे पुढे अक्षर बारीक होत जायचं,
मुंग्या बिळात शिरतात तसं.
शेवटचा शब्द तर नुसती रेघ.
असं अक्षर कशानं होतं
हे मला शिकवलेलं होतं, त्यांनाही.
मी भिंग घेतलं.
कुणी बघत नसताना वापरायची.

आता पडद्यावर सगळी अक्षरं एका उंचीची.
त्यांचं औषध आणि तार्तूच्या त्या नव्या मुलीचं औषध
शेजारी ठेवा, ओळखता येणार नाही.
चूक झाली तर लाल चौकट ओरडते.
परवाच ओरडली, एका म्हाताऱ्याचं मूत्रपिंड वाचलं.
मी हे नाकारत नाही.
फक्त सोमवार कुठला, शुक्रवार कुठला
ते कळत नाही मला आता.

जानेवारीत, दुकान बंद करायच्या वेळेला,
हेल्दुर आले. टोपीवर बर्फ.
काउंटरपाशी उभे राहिले, पेशंटच्या बाजूला.
खिशातून ओळखपत्र काढलं
आणि फटीत घालायला गेले.
कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं.
मी हात पुढे केला नाही.
तिसऱ्यांदा गेलं आत.

पडद्यावर त्यांचं नाव उमटलं,
खाली दुसऱ्या कुणा डॉक्टरची सही नसलेली सही,
औषध, मात्रा,
टिंब बरोबर जागेवर.

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले,
वाचता येतंय ना?

कधीपासूनच, मी म्हटलं,
आणि गोळ्या दोनदा मोजल्या.